नखे कापण्याचा नियम
अंगझटीच्या खेळांतील दुखापती आणि त्यांच्या प्रतिबंधाचा इतिहास



ज्या व्यायामशिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांना आम्ही मुले नुसते ‘सर’ म्हणत असू. गणिताचे सर, भूगोलाचे सर असे इतरांचे उल्लेख विषयासकट होत. यांच्यामागे विषय जोडण्याची गरज कोणालाच वाटली नाही. त्यांनी मला हुतूतू शिकवला आणि त्याच खेळात माझा घोटा मोडला तेव्हा सायकलच्या कॅरियरवर बसवून दवाखान्यातही त्यांनीच नेले. पुढे मी हाडांचा डॉक्टर झालो. चाळीस वर्षे मोडलेली हाडे जोडण्यात गेली. त्यामुळे व्याख्यानाचा विषय निवडा, असे कार्यवाहांनी कळवले तेव्हा फार विचार करावा लागला नाही. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे, याची मला जाणीव आहे. परंतु आपल्या वडोदरा शहराचा या विषयाशी जो संबंध आहे, तो नव्या पिढीला कोणीतरी सांगायला हवा, म्हणून हे धाडस करतो.

सामन्यापूर्वी सर आम्हाला एका रांगेत उभे करीत आणि हात पुढे करायला लावीत. ज्याची नखे वाढलेली असतील त्याला बाहेर काढीत. मग कोणाच्या तरी खिशातल्या ब्लेडने घाईघाईत नखे कापली जात आणि आम्ही हसत असू. मर्दानी खेळ खेळायला निघालेल्या मुलांची नखे तपासणे आम्हाला बालवाडीतला प्रकार वाटे. कबड्डीच्या नियमपुस्तकात आजही हा नियम आहे: नखे कापलेली असावीत, अंगावर दागिना नसावा, अंगाला तेल लावू नये. वाचायला दोन ओळी लागतात. त्या दोन ओळींपर्यंत पोहोचायला माणसांना किती काळ लागला, आणि त्यातला काही प्रवास आपल्याच शहरात कसा झाला, हे आज मला सांगायचे आहे.

१. राजासमोरची झुंज

लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६४ च्या सुमारास वडोदऱ्यास आला. गादीवर खंडेराव महाराज होते. हत्तींच्या साठमाऱ्या आणि पैलवानांच्या कुस्त्या हा त्या दरबाराचा मोठा षोक. रूसलेने येथे पाहिलेल्या एका खेळाचे वर्णन केले आहे. तो त्याला ‘नखांची कुस्ती’ म्हणतो. उजव्या हाताच्या बंद मुठीला नखांसारखे शस्त्र वादीने घट्ट बांधलेले असे. भांग किंवा अफू चढवलेले दोन मल्ल एकमेकांवर तुटून पडत आणि तोंडाची, मानेची, छातीची कातडी फाडीत. कधी एक, कधी दोघेही रक्तस्राव होऊन मरत. हे पाहताना राजाला इतका चेव येई की, झुंजणाऱ्यांच्या हालचालींची नक्कल करण्यापासून स्वतःला आवरणे त्याला जड जाई, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

परकीय प्रवाशाच्या वर्णनात रंग अधिक भरलेला असू शकतो, हे मान्य करूनही त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. या खेळात दुखापत हा अपघात नव्हता. ती खेळाचे उद्दिष्टच होती. पाहणाऱ्याला रक्त पाहायचे होते, म्हणून खेळणाऱ्याच्या मुठीला नखे बांधली जात होती. कोणत्याही अंगझटीच्या खेळात किती इजा होणार, हे केवळ खेळाडूच्या ताकदीवर किंवा निष्काळजीपणावर ठरत नाही. समोर बसलेल्यांना काय पाहायचे आहे आणि नियम कोणाच्या सोयीने केलेले आहेत, यावरही ते ठरते. ही गोष्ट १८६४ इतकीच आजही खरी आहे.

या प्रकारच्या झुंजीशी, म्हणजे वज्रमुष्टीशी, ज्यांचे नाव परंपरेने जोडले गेले ते ज्येष्ठीमल्ल किंवा जेठी. त्यांचे मूळस्थान उत्तर गुजरातेतील मोढेरा. त्यांच्या परंपरेचा ‘मल्लपुराण’ हा संस्कृत ग्रंथ आपल्याच शहरातील प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये प्रसिद्ध केला. भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता हे त्याचे संपादक. मल्लांची वर्गवारी, व्यायामाचे प्रकार, आहार यांचा विचार त्यात आहे. या जेठींविषयी मला विशेष वाटते ते असे की, कुस्तीबरोबरच हाड बसवणे हीही त्यांची पिढीजात विद्या होती. सांधा कसा निखळतो हे ज्याला कळते, त्यालाच तो कसा बसतो हे कळते. मारणारा आणि सावरणारा हात एकच होता.

याच जेठींची एक शाखा म्हैसूरच्या राजाश्रयाला गेली. तेथे दसऱ्याला वज्रमुष्टीची झुंज आजही होते. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज थांबते. मुठीत शस्त्र कायम आहे, खेळाचे रूप कायम आहे. मर्यादा मात्र आखली गेली आहे. प्रतिबंधाच्या इतिहासातली ही पहिली पायरी म्हणता येईल: कोठे थांबायचे हे आधी ठरवणे.

२. मातीतले शहाणपण

आपल्या पूर्वजांना दुखापतीचे ज्ञान नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सुश्रुताने सांधे निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. मोडलेल्या अवयवाला झाडाच्या सालीच्या पट्ट्यांचा आधार देण्याची रीत वर्णिली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे आणि तेथे मल्लांची वयाप्रमाणे व बळाप्रमाणे वर्गवारी केलेली आढळते. बरोबरीच्याशी बरोबरीच्याने लढावे, हा विचार वजनगटांच्या शेकडो वर्षे आधीचा आहे.

अखाड्याची मातीच पाहा. ती रोज खणून भुसभुशीत केली जाते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घातले जाते. ही केवळ पूजा नव्हे. खणलेली माती पडणाऱ्या अंगाचा धक्का शोषून घेते. मातीत उतरण्यापूर्वी जोर-बैठका, उतरताना वस्तादाच्या पायाला हात आणि वस्तादाची नजर सतत जोडीवर, या सर्व व्यवस्थेत संरक्षणाचा अर्थ दडलेला आहे. परंपरेने कुस्तीचे हनुमंती, जांबुवंती, भीमसेनी आणि जरासंधी असे चार प्रकार मानले. त्यांपैकी जरासंधी म्हणजे सांधे मोडण्यापर्यंत जाणारी कुस्ती. तिला वेगळे नाव देऊन ठेवले, याचा अर्थ बाकीच्या कुस्तीत तसे करायचे नाही, हे भान त्या वर्गवारीत होते.

तथापि या शहाणपणाची एक मर्यादा होती. ते वस्तादागणिक बदलत असे आणि वस्तादाबरोबर संपत असे. शिवाय काही दुखापती अभिमानाच्या खुणा झाल्या होत्या. पैलवानाचा फुटलेला, गड्डा झालेला कान हे त्याचे उत्तम उदाहरण. कान वारंवार घासला गेला की कूर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साकळते. कूर्चेला पोषण आवरणातून मिळते. ते तुटले की ती मरते आणि तिच्या जागी वेडीवाकडी कठीण गाठ होते. साकळलेले रक्त वेळेवर काढून पट्टी घट्ट बांधली, तर हे बहुधा टळते. पण तो कान बरा करायचा असतो असे कोणाला वाटतच नसे. कान फुटल्याशिवाय पैलवान कसला, ही समजूत कानापुरती असती तर बिघडले नसते. तीच समजूत गुडघ्याला, मानेला आणि डोक्यालाही लावली गेली, हे दुर्दैव.

३. दरबारातून व्यायाममंदिराकडे

सयाजीराव महाराजांच्या काळात या शहरात जे घडले, त्याकडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. जुम्मादादा उस्तादांच्या आखाड्याचा वारसा त्यांचे शिष्य राजरत्न प्रो. माणिकराव यांच्याकडे आला. मुसलमान उस्तादाचे नाव मराठी शिष्याने आपल्या व्यायाममंदिराला आयुष्यभर अभिमानाने लावले, ही गोष्ट या शहराला शोभणारीच होती. माणिकरावांनी व्यायाम मूठभर पैलवानांच्या हातून काढून शेकडो मुलांच्या रांगांपुढे ठेवला, हिंदी आज्ञांवर सांघिक कवायत बसवली. माणिकराव जसे व्यायामाचार्य तसेच हाडवैद्य म्हणूनही प्रसिद्ध होते. लचकलेला, निखळलेला अवयव घेऊन माणसे त्यांच्याकडे येत. जेठींच्या घराण्यात एकत्र नांदलेल्या दोन विद्या या संस्थेत पुन्हा एकत्र आल्या. फरक एवढाच, की आता राजासमोर झुंजायचे नव्हते.

याच शहरात द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात सिद्ध केले. वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या कागदावर उतरली. जे कागदावर उतरते ते तपासता येते, सुधारता येते आणि दुसऱ्या गावच्या मुलाला मिळते.

तिसरी गोष्ट नियमांची. हुतूतू हा गावोगाव वेगवेगळ्या पद्धतीने खेळला जाणारा खेळ. त्याला एकसारखे नियम असावेत म्हणून महाराष्ट्रात प्रयत्न चालू होते. वडोदऱ्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम ठरवून अखिल भारतीय सामने भरवले. पुढे १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. आजच्या नियमांत चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून दम तोडणे, गळा आवळणे, पायांची कैची घालणे, इजा होईल अशी हिंसक पकड करणे यांना मनाई आहे. हे नियम कोणी वातानुकूलित खोलीत बसून सुचवलेले नाहीत. तोंड दाबल्याने कोणीतरी गुदमरला असेल, कैचीत कोणाचा तरी गुडघा गेला असेल, तेव्हाच त्या ओळी लिहिल्या गेल्या असतील, असे प्रत्येक ओळ वाचताना मला वाटते.

४. एक सामना आणि एक वही

आता मला थोडे स्वतःविषयी बोलावे लागणार आहे. साठाच्या दशकाच्या अखेरीस, मी दहावीत असताना, आंतरशालेय सामन्यात मी आपल्या शाळेचा कप्तान होतो. माझा एक वर्गमित्र कोपरा सांभाळीत असे. त्याची घोट्याची पकड शहरात नावाजलेली होती. उत्तरार्धात त्याने पकड केली, चढाई करणाऱ्याचा गुडघा त्याच्या कपाळावर आदळला आणि तो मागे डोक्यावर पडला. उठून बसला. आम्ही पाणी मारले, मातीचा गोळा हुंगवला. त्याने मला विचारले, “किती गुण झाले?” मी सांगितले. क्षणभराने त्याने पुन्हा तेच विचारले. मग तिसऱ्यांदा. मी हसलो आणि म्हणालो, “अरे, उभा राहा, तीनच गुण हवेत.” सर मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होते, तो आपल्या पायांनी चालत जागेवर गेला, एवढेच त्यांना दिसले. त्याला परत उभे करणारा मी होतो.

सामना आम्ही जिंकला. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या, तो घरच्यांना ओळखेना. बरेच दिवस इस्पितळात काढून तो घरी आला. पण पाठ केलेले त्याच्या लक्षात राहीना, उन्हात डोके ठणके. त्या वर्षी तो परीक्षेला बसला नाही आणि पुढच्या वर्षी वडिलांच्या दुकानात बसू लागला. वर्गात तो माझ्या पुढे असे, हे मुद्दाम सांगतो. पुढे कितीतरी वर्षे भेट झाली की तो हसून विचारी, “काय कप्तान, किती गुण झाले?” त्याच्या मनात राग नव्हता. माझ्या मनातून मात्र ते वाक्य गेले नाही.

सर आम्हाला काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची एक वही आणली. पहिल्या पानावर त्यांनी आदल्या दिवसाची तारीख घातली, त्या मुलाचे नाव लिहिले आणि खाली लिहिले: ‘डोके आपटले. तीनदा एकच प्रश्न. खेळू दिले. चूक माझी.’ निवृत्त होईपर्यंत ते ती वही लिहीत राहिले. कोणाला, कधी, कोणत्या पकडीत, मैदानाच्या कोणत्या भागात, सरावाच्या सुरुवातीला की शेवटी, मुलगा जेवून आला होता की उपाशी. आणि किती दिवसांनी परत खेळला.

काही महिन्यांनी वहीच बोलू लागली. विहिरीकडच्या कोपऱ्यात मुले अधिक पडत होती. तेथे मातीखाली मुरूम निघाला. सरांनी मैदान चार हात सरकवले. दिवाळीच्या सुटीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात नोंदी वाढत. त्यांनी त्या दिवसांत सामने बंद करून नुसत्या बैठका, उड्या आणि पडण्याचा सराव ठेवला. सरावाच्या शेवटच्या घटकेत, अंग थकल्यावर, पकडी चुकत. त्यांनी पकडीचा सराव आधी घेतला आणि दम वाढवण्याचा नंतर. त्यांनी यावर कोठे लेख लिहिला नाही. ही शास्त्रीय पद्धत आहे, हे त्यांनाही ठाऊक नसावे.

५. इतरत्र काय घडले

ती शास्त्रीय पद्धत होती, हे मला फार उशिरा कळले. विलेम व्हान मेखेलेन या डच संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये खेळांतील दुखापती टाळण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: दुखापती किती व कशा होतात ते मोजा, त्यांची कारणे शोधा, उपाय योजा आणि उपायाने फरक पडला की नाही ते पाहण्यासाठी पुन्हा मोजा. जगभर आज याच चौकटीत काम चालते. मी तो निबंध वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सरांची वही आली.

मोजल्याने काय होते, याची दोनतीन उदाहरणे देतो. बॉक्सिंगमध्ये डोक्यावर वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्या काही खेळाडूंची चाल अडखळते, बोलणे जड होते, स्मरण जाते, हे प्रेक्षकांना ठाऊक होते आणि त्यावर विनोदही होत. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये या अवस्थेवर वैद्यकीय निबंध लिहिला, तेव्हा त्या विनोदाचा रोग झाला. परंतु तो मुष्टियोद्ध्यांपुरताच आहे अशी समजूत पुढे अनेक दशके टिकली. २००२ मध्ये बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने माइक वेबस्टर या नामांकित अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली आणि तशाच प्रकारची हानी तेथेही दिसली. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर सारे क्रीडाजगत हादरले.

अमेरिकन फुटबॉलचीच आणखी एक कथा बोधप्रद आहे. १९०५ मध्ये या खेळात इतके तरुण मृत्युमुखी पडले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी नियम बदलले. नंतर डोके वाचवण्यासाठी कठीण कवचाची शिरस्त्राणे आली. कवटी वाचली, पण डोके सुरक्षित आहे या भरवशावर खेळाडू डोक्यानेच धडक मारू लागले आणि मानेचे मणके मोडू लागले. जोसेफ टॉर्ग या डॉक्टरने अशा दुखापतींची नोंद ठेवली होती. १९७६ मध्ये डोके पुढे करून धडक मारण्यास बंदी आली. त्याच्या नोंदीनुसार मानेच्या दुखापतीने हातपाय कायमचे लुळे पडल्याची १९७६ च्या हंगामात ३४ उदाहरणे होती. १९८४ मध्ये ती ५ वर आली. जे काम शिरस्त्राणाला जमले नाही, ते नियमाने केले. साधन माणसाला धीट करते. नियम त्याला वळण लावतो.

तिसरे उदाहरण नॉर्वेचे. तेथे हँडबॉल खेळणाऱ्या १५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींवर एक मोठा अभ्यास झाला. १२० क्लबांतील १८३७ खेळाडू त्यात होते. निम्म्या क्लबांना ठरावीक पूर्वतयारीचा व्यायाम दिला: धावणे, उडी मारून गुडघा वाकवून उतरणे, दिशा बदलणे, एका पायावर तोल सांभाळणे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गुडघ्याच्या आणि घोट्याच्या दुखापती त्या गटात जवळजवळ निम्म्याने घटल्या. महागडे यंत्र नाही, औषध नाही. पंधरावीस मिनिटांचा नित्य सराव. आपल्या आखाड्यांनी जोर-बैठकांतून जे अंदाजाने साधले होते, ते त्यांनी मोजून सिद्ध केले.

६. आजचे मैदान

आता पुन्हा आपल्या मैदानाकडे येऊ. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि आमच्या मातीतला खेळ दिव्यांच्या झगमगाटात आला. याचा मला आनंद आहे. मुलांना या खेळात पोटापाण्याची वाट दिसू लागली. परंतु माझ्या तपासणीच्या खोलीत येणाऱ्या गुडघ्यांचे स्वरूपही मी पाहत आलो. मॅटवर पाय घट्ट रोवला जातो. चढाई करणारा वळतो, अंग फिरते, पाऊल मात्र जागीच राहते. त्यात कोणी घोटा धरला आणि बाकीच्यांनी साखळी करून वरून धडक दिली, की सारा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघ्याच्या आतला, आम्ही ज्याला एसीएल म्हणतो तो दोरासारखा बंध तटकन तुटतो. पुष्कळ मुलांनी तो आवाज स्वतः ऐकल्याचे मला सांगितले आहे. असा बंध तुटलेला मुलगा आठवडाभर शेकून, पट्टा बांधून पुन्हा खेळतो; मग गुडघा वारंवार निसटतो, आतली गादी फाटते, आणि तिशीच्या आत त्या गुडघ्याला म्हातारपण येते.

माती चांगली आणि मॅट वाईट, असे मी म्हणत नाही. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीतून मॅटवर गेले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. पृष्ठभाग बदलला की तयारी बदलावी लागते, एवढेच. मॅटवर खेळणाऱ्या मुलांना थांबणे, वळणे, उतरणे नव्याने शिकवावे लागेल. मांडीचे मागचे स्नायू बळकट करावे लागतील. पकड शिकवताना पडावे कसे, हेही शिकवावे लागेल.

डोक्याच्या दुखापतीविषयी मात्र तडजोड नाही. मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. बाहेर जखम नसली तरी आत त्याला हिसका बसतो. बेशुद्ध पडला तरच इजा झाली, हा गैरसमज आहे. गोंधळणे, एकच प्रश्न पुन्हा विचारणे, डोके दुखणे, उलटी होणे ही पुरेशी लक्षणे आहेत. २०१२ च्या झुरिक परिषदेपासून क्रीडावैद्यकाचा दंडक स्पष्ट आहे: अशा खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, नंतरही पायरीपायरीने आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच. सामना कितीही गुणांनी हातातून जात असला, तरी.

७. उरलेली पाने

हा सारा इतिहास मला एका सूत्रात बांधावासा वाटतो. १८६४ मध्ये पाहणाऱ्याच्या हौसेसाठी खेळाडूच्या मुठीला नखे बांधली गेली. नंतरच्या शंभर वर्षांत याच शहरात आणि इतरत्र अनेकांनी ती एकेक करून काढली: कोणी मर्यादा आखून, कोणी हाडे बसवून, कोणी ग्रंथ लिहून, कोणी नियम छापून. सामन्यापूर्वी मुलांचे हात उलटेपालटे करून पाहणारे आमचे सर त्याच मालिकेतले होते. आम्ही हसत होतो, कारण त्या दोन ओळींमागचा इतिहास आम्हाला माहीत नव्हता.

धैर्य हा अंगझटीच्या खेळांचा प्राण आहे. ते मुलांच्या अंगी यावे म्हणूनच हे खेळ शाळेत असावेत, असे माझे आजही मत आहे. परंतु मुलाचे धैर्य वापरण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना नाही. तो उठून उभा राहतो, ‘मी खेळतो’ म्हणतो; ‘बस’ म्हणण्याचे धैर्य आपण दाखवायचे असते. पंधरा वर्षांच्या कप्तानाला ते जमले नाही. तेव्हा मैदानावर तसे सांगणारा नियम नव्हता. आज तो आहे. तो न पाळण्याला आता कोणतीही सबब उरलेली नाही.

सरांच्या पश्चात ती वही त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे दिली. इतकी वर्षे मी ती जपली; आज ती शाळेच्या स्वाधीन करीत आहे. मुलांची नावे असलेली पाने कोणालाही न दाखवता कपाटात ठेवावीत, एवढी विनंती. पण वहीच्या शेवटी सुमारे तीस पाने कोरी आहेत. सरांनी आखून ठेवलेले रकाने त्यांवर तसेच आहेत: तारीख, पकड, जागा, वेळ, किती दिवसांनी परत. मुख्याध्यापक महोदयांना आणि आजच्या व्यायामशिक्षकांना माझे सांगणे इतकेच, की उद्यापासून ती पाने भरायला घ्यावीत.